जमावाची ओळ

येशूची वाक्यं शिंप्याकडे होती, मधलं निवेदन शाळेच्या बाईंकडे आणि जमावाचे टोमणे बाकांवर बसलेल्या सगळ्यांकडे. गुड फ्रायडेला या चर्चमध्ये येशूच्या मरणाचं वाचन असंच वाटून घ्यायचे. यंदा राहू दे, असं फादरांनी शिंप्याला सुचवून पाहिलं होतं. त्याच्या मुलीचं दफन होऊन अकराच दिवस झाले होते. पण गडी हट्टाला पेटला.

त्याची बायको शेवटच्या बाकावर, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून, एकटीच बसली होती. मुलीला मातीत ठेवताना तो ‘देवाची इच्छा’ म्हणाला, तेव्हापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तिला परत कसं बोलतं करावं, ते त्याला उमगत नव्हतं.

वाचन क्रुसापर्यंत आलं. देवा, मला का सोडलंस, ही हाक शिंप्याने आजवर दरवर्षी छान घोळवून म्हटली होती. आज ती घसा फाडून बाहेर पडली. बाईंनी पुढचं निवेदन कसंबसं उरकलं. आता जमावाची पाळी होती.

एरवी हा जमाव असा तोंड सोडून ओरडायचा, की फादरांना लाज वाटावी. आज सगळ्यांची दातखीळ बसली. हातातल्या कागदावर ओळ ठळक छापलेली होती, पण मूल गेलेल्या बापाला ती तोंडावर म्हणणार कोण? कोणी खाकरलं, कोणी चष्मा पुसत बसलं.

“म्हणा ना,” तो म्हणाला. “तुमची पाळी आहे.”

मग मागे त्याची बायको उठली. तिच्या हातात कागद नव्हता.

“थांबा,” ती म्हणाली. “बघू या, याला सोडवायला कोणी येतं का.”

ओळ बरोबर होती. पण ओळ म्हणून झाल्यावरही ती खाली बसली नाही. ती खरंच वाट बघत होती, आणि ते बघवत नव्हतं.

शिंप्याने कागद स्टँडवर ठेवला आणि तो पायऱ्या उतरू लागला. फादर लगबगीने आडवे आले. अजून प्राण सोडल्याचं वाचायचं राहिलंय, असं त्यांनी हळूच सांगितलं.

“ते आमच्या घरी झालंय, फादर.”

तो मधल्या वाटेने चालत शेवटच्या बाकापाशी आला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मग ती बसली, आणि शेजारची पिशवी उचलून तिने मांडीवर घेतली.