चौथ्या रांगेतले सेन्योर हुवेनाल

"सेन्योर हुवेनाल, तुमचा बिनसाखरेचा चहा," म्हणत इवोनने कप पुढे केला. तो घ्यायला आलेला हात बाईचा होता.

पहाटे चारपासूनची ही तिची तिसरी फेरी. पाय सुजून बुटांत मावेनासे झाले होते. विमानाच्या चौथ्या रांगेत, वाटेकडच्या जागेवर, अकरा वर्षं सोमवाराआड सोमवार एकच माणूस बसत आला होता. मान वर करून बघायची गरजच तिला वाटली नव्हती.

"मी त्यांची बायको. एल्बा," बाई म्हणाली. मांडीवर खाणीच्या ऑफिसची फाइल होती. "ते गेले. बारा दिवस झाले. वर खाणीवरच, झोपेत. त्यांचं सामान आणायला चाललेय."

ला सेरेनाहून वर कलामाला जाणारं हे विमान खाणकामगारांचंच. एक आठवडा खाणीवर, एक आठवडा घरी. त्यामुळे तीच तोंडं फिरून फिरून यायची. प्रवाशांना नावाने हाक मारा, म्हणून विमान कंपनीने हल्ली हातात टॅब्लेट दिला होता. इवोनने तो कधी उघडला नाही. बरोबरची कोनी तिला चिडवायची, "मावशी, तुझं डोकं आहे की जनगणनेचं ऑफिस?"

"तुम्ही ओळखत होता त्यांना?" एल्बाने विचारलं.

दमलेल्या माणसाची जीभ सैल सुटते. बाईला जरा बरं वाटावं, एवढंच इवोनच्या मनात होतं.

"न ओळखून कसं चालेल! फार मायेचा माणूस. स्वतः एक बिस्किट तोंडात टाकायचे नाहीत. दोन पुडे मागून घ्यायचे आणि खिशात ठेवायचे, लेकीसाठी. तिचे पुढचे दात पडले, तेसुद्धा किती कौतुकाने सांगत होते मागे."

एल्बाने कप खाली ठेवला.

"आम्हाला दोन मुलगे आहेत," ती म्हणाली. "धाकटा बावीस वर्षांचा."

इवोनचा हात ट्रॉलीच्या दांड्यावर तसाच राहिला.

"पुडे कधी ठेवायचे? वर जाताना, की घरी येताना?"

"सेन्योरा, मी..."

"वर जाताना ना?"

इवोन ट्रॉलीवरचे कप सरळ करू लागली. तेवढं एल्बाला पुरलं.

"खाणीवर त्यांची पाळी मंगळवारी सकाळी सुरू व्हायची. मला म्हणायचे, एक दिवस आधी जावं लागतं, उंचीची सवय व्हायला." तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "मला खरं वाटलं. वाटणारच की. मी कुठे कधी वर गेले होते?"

"माझीच काहीतरी गल्लत होतेय," इवोन घाईने म्हणाली. "रोजची तीन-चारशे माणसं. कुणाचं तरी कुणाला चिकटवलं असेल."

"नाव काय तिचं?"

"आठवत नाही."

मागच्या रांगेत कप गोळा करणाऱ्या कोनीने चमकून वर पाहिलं. मावशीच्या तोंडी हे शब्द तिने आजवर ऐकले नव्हते.

इवोन पडद्यामागे गेली आणि कपाटाच्या गार पत्र्याला कपाळ टेकून उभी राहिली. नावं लक्षात ठेवायची, बायकापोरांची चौकशी करायची, गुडघा कसा आहे विचारायचं, यासाठीच तिला सगळे चांगलं म्हणत. दोनदा प्रशस्तिपत्रकही मिळालं होतं. एवढं सगळं लक्षात ठेव, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"काय झालं गं, मावशी?" कोनी आत डोकावली.

"काही नाही. दमलेय."

विमान उतरलं. दार उघडताच वाळवंटातली कोरडी हवा आत आली. इवोन दारात उभी राहून एकेकाला निरोप देत होती. "जपून, सेन्योर रिगोबेर्तो. सेन्योर नेल्सन, आईला नमस्कार सांगा." माणसं मान हलवून पाठीवरच्या पिशव्या सावरत उतरत होती.

एल्बा सगळ्यांत शेवटी आली. दारातच थांबली.

"तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही," ती म्हणाली. "लगेच कळतं."

"सेन्योरा, मला माफ करा. मी तोंड उघडायलाच नको होतं."

"तुम्ही काय केलंत? चहा दिलात." एल्बाने चष्मा काढून डोळे चोळले. ती रडत नव्हती. रात्र रात्र जागलेल्या माणसाचे डोळे होते ते. "ऑफिसातून फोन आला होता. म्हणाले, सामानासाठी आणखी एकीने अर्ज केलाय, तुम्ही समक्ष या. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा कागद आपल्यात आला असेल. आता समजलं. तिथे बाकावर ती लेकरू घेऊन बसलेली असणार. भांडायचं त्राण नाही माझ्यात. पण त्या पोरीशी काही बोलायची वेळ आली, तर काय म्हणू? ए पोरी म्हणू?"

खालून जिन्याजवळचा माणूस घाई करा म्हणून हात हलवत होता. इवोनने त्याच्याकडे पाहिलं, मग एल्बाकडे.

"पालोमा," ती म्हणाली.

एल्बा चष्मा घालता घालता थांबली.

"पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आम्ही हेच नाव ठरवलं होतं," ती म्हणाली. "मुलगा झाला."

आणि फाइल छातीशी धरून ती उन्हात उतरली.