सगळी कुलपं

रालित्साला कळा सुरू झाल्या आणि सासूबाई घरभर कुलपं उघडत सुटल्या. घरात एक जरी कुलूप बंद राहिलं तर बाई अडते, असं रोदोपीच्या डोंगरातल्या सगळ्याच म्हाताऱ्या मानतात. पेटी, कपाट, कोठार, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा त्यांनी सोडलं नाही.

"आई, चला ना आता! चाळीस किलोमीटर घाट आहे," गाडीत कण्हत रालित्सा म्हणाली.

"आले गं बाई! दारूच्या तळघराचं तेवढं राहिलंय. त्यापायी अडलीस म्हणजे?"

आईपुढे बोलून उपयोग नाही, म्हणून रालित्साचा नवरा असेन याने नुसती गाडी सुरू करून ठेवली होती. शेवटी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकून सासूबाई एकदाच्या गाडीत बसल्या.

इस्पितळात पोचेपर्यंत रालित्साच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. प्रसूती विभागाच्या दारावर कागद चिकटवलेला होता. 'या भागात आता बाळंतपणं होत नाहीत. एक तारखेपासून विभाग बंद.' खाली हे भलंमोठं कुलूप.

असेन डॉक्टरला शोधायला धावला. रालित्सा भिंतीला टेकून खालीच बसली.



सासूबाईंनी खिशातून घरचा जुडगा काढला आणि एकेक किल्ली त्या कुलपाला लावून पाहायला सुरुवात केली.