तहाच्या चौकशा

“आणि मागच्या दारातून उतरलं की थेट खाडीच ना?” तहाने सायराला विचारलं.

आज परत तेच. प्रेमात पडलेली माणसं आवडता रंग विचारतात, हा तिच्या गावची जेट्टी विचारत होता. जेट्टीपासून मशिदीपर्यंत चढ आहे का, घराला वाटा किती, शेजारी कोण. गेल्या आठवड्यात तर त्याने बंदराचा फोटो मागितला होता.

दोघं दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एकाच फॅक्टरीच्या ऑफिसात. ती रत्नागिरीकडची, तो कराचीचा. पण त्याचे आजोबा कोकणातून गेलेले, त्यामुळे घरात अजून आपलीच बोली. कॅन्टीनमध्ये पहिल्यांदा भेटला तेव्हा म्हणाला, “मासळी ताजी नाही गो, नको घेऊ.” सायरा बघतच राहिली होती.

ती अल बर्शाला भावाकडे राहायची. हम्मादभाईला कुणकुण लागली तेव्हा तो ओरडला नाही. दार लोटून हळूच म्हणाला, “पाकिस्तानी पोरगा आपल्या किनाऱ्याची चौकशी करतोय, सायरा. उद्या तिकडे अब्बांच्या दारात पोलीस उभे राहिले तर?”

तेव्हापासून तिची झोप उडाली. तहा फोन घेऊन बाजूला गेला की तिला वाटे, कुणाला कळवतोय? तो हसला तरी संशय, गप्प बसला तरी संशय. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवूनच ती त्याच्याबरोबर खोर फक्कानला आली होती. समोर समुद्र, पलीकडे कंटेनर उचलणाऱ्या क्रेन. तो तिकडेच टक लावून बसला होता.

“तहा, खरं सांग. कुणासाठी विचारतोस हे सगळं?”

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला. तो वाळूत बोट फिरवू लागला.

“लग्न करायचंय तुझ्याशी,” तो म्हणाला. “पण तिकडचा व्हिसा मला मिळायचा नाही. तुझ्या अब्बांना दारात जाऊन सलामसुद्धा करता यायचा नाही. म्हटलं, निदान सासुरवाडीची वाट तरी पाठ असावी.”

सायराने डोळे पुसून मोबाइल काढला आणि गावी व्हिडिओ कॉल लावला. तहा गडबडीने बाजूला सरकू लागला. तिने त्याचा दंड धरून त्याला कॅमेऱ्यासमोर ओढलं.

“अम्मी, फोन घेऊन घरभर फिर बरं,” ती म्हणाली. “तुझ्या जावयाला घर बघायचंय.”