सैल मनगट

काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा अडकली. पिस्तुलाच्या सरकत्या माथ्यात ती उभीच्या उभी चिमटली होती. वर्ना टॉलेफसनने पिस्तूल बाकावर ठेवलं आणि डाव्या हाताने कोट ओढून घेतला.

"विकून टाक ते," ती म्हणाली. "माझ्याच्यानं आता व्हायचं नाही."

ऑरिन स्टाविगने पिस्तूल पुढे ओढलं. त्याने नखाने पुंगळी काढली, उजेडात धरून निरखली आणि पिस्तूल खोलायला बसला.

मोंटानातल्या त्या गव्हाच्या गावात नेमबाजीच्या क्लबात वर्षानुवर्षं पहिलं नाव वर्नाचं लागे आणि त्याखाली ऑरिनचं. ऑरिनचं दुकान बंदुका दुरुस्तीचं. त्याच्या हातून निघालेली बंदूक कुणालाही हरवते, फक्त वर्नाला नाही, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत आणि तोही हसे. पण गेल्या शरदात वर्नाला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, पाय परतला, उजव्या हाताची बोटंसुद्धा परतली. मनगट तेवढं परतलं नाही. तिच्या पंचेचाळीस कॅलिबरच्या पिस्तुलाचा धक्का आता त्याला पेलेना. ती पिस्तूल विकायला ऑरिनकडे आली, तेव्हा त्याने ते ठेवून घेतलं आणि म्हणाला, आपण ते बावीसचं करू. गोळी बारीक, धक्का नावाला.

बावीसने पोरंटोरं डबे उडवतात, असं वर्नाने ऐकवलं. तसंच हवं तर बाजारात बावीसची पिस्तुलं काय कमी आहेत, असंही विचारलं.

"तुझ्या हाताला ही मूठ पाठ आहे," ऑरिन म्हणाला. "बाकी सगळं तू नव्यानं शिकतेयस. हे एक तरी राहू दे."

म्हणून मूठ तीच राहिली, चापही तोच. वरचं सगळं बदललं. नळी नवी आली. पोलादी माथ्याच्या जागी ऑरिनने ॲल्युमिनियमचा बसवला, कारण बारीक काडतुसाच्या जोराला जड माथा मागे ढकलवत नाही. कानशीने आणि मग नुसत्या तेलाने घासून घासून त्याने तो असा बसवला की लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरे. ऑरिनच्या हातात पिस्तूल सुरेख चाले. वर्नाच्या हातात मात्र दर दोन-चार गोळ्यांना अडके. गोळी सुटते त्या क्षणी मनगटाने खांबासारखं उभं राहावं लागतं. तेच मागे कलंडलं तर माथा अर्ध्या वाटेत थांबतो आणि रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही.

"खोट माझ्यात आहे, पिस्तुलात नाही," वर्ना दारातून म्हणाली.

"तुझ्या हातात चालत नाही, म्हणजे ते अजून झालेलं नाही," ऑरिन मान वर न करता म्हणाला. "घरी जा. बोलावलं की ये."

तो अधूनमधून बोलवत राहिला. दर खेपेला पिस्तूल थोडं शहाणं झालेलं असे. पुंगळी कमी अडके. आपण समोर नसताना याला नेमकं काय सुधारायचं ते कसं कळतं, याचं वर्नाला नवल वाटे. बर्फातून चर्चला जाताना दुकानामागून गोळ्यांचे आवाज येत. ऑरिन वसंतातल्या सामन्याची तयारी करतोय, असं तिने गृहीत धरलं. या वर्षी नाव वर लागणार गड्याचं, असं ती त्याच्या बायकोला, मार्लिसला, म्हणालीही. मार्लिस नुसती हसली.

सामन्याच्या दिवशी वर्ना रेषेवर उभी राहिली. पहिली गोळी सुटली, पुंगळी टणकन बाहेर उडाली. दुसरी, तिसरी. मग ती पुंगळ्यांकडे बघायची विसरली. मनगट दर गोळीला कलंडत होतं आणि पिस्तूल त्याला सांभाळून घेत होतं, जसं वाकून चालणाऱ्यासाठी कुणी आपली चाल धीमी करावी. शेवटी निशाण्याच्या कागदावरच्या काळ्या वर्तुळात एकच फाटकं भोक उरलं. ती पहिली आली.

ऑरिन मात्र दुसरा नव्हता. उभ्या जन्मात ज्यांनी त्याला कधी हरवलं नव्हतं, अशी माणसं त्याच्या पुढे गेली होती. त्याच्या कागदावर गोळ्या भिरकावल्यासारख्या पडल्या होत्या. टाळ्या वाजत होत्या, लोक वर्नाला मिठ्या मारत होते, आणि ती त्या कागदाकडे बघत होती.

बाहेर गाड्यांपाशी तिने त्याला गाठलं.

"मला हरू द्यायचं होतंस," ती म्हणाली. "भीक नको होती मला."

ऑरिनचे कान लाल झाले. आपण मनापासून खेळलो, एवढं कसंबसं बोलून तो गाडीत जाऊन बसला. मार्लिस मागे राहिली.

"सगळा हिवाळा त्यानं तुझ्यासारखं मनगट सैल सोडून गोळ्या झाडल्या, वर्ना," ती म्हणाली. "त्याशिवाय पिस्तूल कुठे अडतं ते कळायचं नाही म्हणाला. आता मनगट ताठ होतच नाही त्याचं. आज तो जीव तोडून खेळला गं."

 वर्ना गाडीजवळ गेली आणि ऑरिनच्या बाजूचं दार उघडलं.

"उद्या सकाळी क्लबात ये. मूठ धरण्यापासून सुरुवात करू," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी माझ्या नावाखाली मला तुझंच नाव हवंय."