वहीतला समवन

वलवणला पर्यटकांसाठी चुलीवरचं जेवण रांधणाऱ्या रतनबाई नातीकडून इंग्रजी शिकू लागल्या होत्या. या आठवड्यात 'समवन', 'नोबडी', 'एव्हरीवन' असे शब्द होते आणि त्यांवर मनानं वाक्यं लिहायची होती.

रतनबाई पाण्याला गेल्या तशी हौशीराम आबांनी बायकोची वही नातीपुढं धरली. "वाच गं प्रेरणा, काय लिवलंय आजीनं?"

प्रेरणानं मराठीत सांगितलं, "समवन, म्हणजे कुणीतरी, मला पळसाच्या पानात काळीभोर करवंदं आणून दिली. धरणाच्या भिंतीशी कुणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं. मला कुणीतरी लय आवडतं."

आबांनी वहीवर बोट ठेवलं. "आन् त्यो समवन म्हंजी कोण?"

"कोण ते ठाऊक नसलं की समवन म्हणायचं, आबा."

"ठाऊक न्हाई, का सांगायचं न्हाई?"

मग दोन दिवस आबा गिऱ्हाइकांच्या पंगतीपाशी खुर्ची टाकून बसले. कुठल्या ड्रायव्हरला भाकरीवर जरा जास्त लोणी पडतंय, ते डोळे बारीक करून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही चुलीपाशी आपटली.

"चाळीस वर्सं संसार केला तुझ्यासंगं. करवंदं देणाऱ्याचं नाव सांग, न्हाईतर मी चाललो औंढ्याला भावाकडं. परत यायचा न्हाई!"

रतनबाईंनी फुंकणी खाली ठेवली आणि डोईवरचा पदर सारखा केला.



"अवो, लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच, आता इंग्रजीत कसं घेऊ तुमचं नाव?"