शनिवारचे लोखंड

सुरभीने संगणक दुकानाच्या काट्यावर ठेवला आणि आकडा स्थिर होण्याची वाट पाहिली. तो स्थिर झाला, तरी ती पाहतच राहिली.

"पाठवाले नाई परवडत, बाबा. जहाजानं पोचेपर्यंत तिकडे याच्याहून चांगला भेटते. इकूनच टाकाव लागते."

तिच्या वडिलांचे, प्रभाकररावांचे, आष्टीतले हार्डवेअरचे दुकान पुढे होते, घर मागे. संध्याकाळी नागपूरहून तिचे विमान होते. नॉर्वेत चार वर्षांचे संशोधन. परत येण्याबद्दल त्यांनी एकदाही विचारले नव्हते. संगणकाबद्दल मात्र आठवडाभर विचारत होते.

"पाठवू नोको. इकू बी नोको. राहू दे."

"कोन वापरन?"

"कोनी नाई. तू आली का वापरशीन."

"तवापर्यंत भंगार होते तो."

"लोखंडाचा दुकानदार हो मी. भंगाराले भेत नाई."

पुसून झालेला संगणक तिने पुन्हा पुसायला घेतला. कॉलेजात असताना एकेक भाग निवडून तिने तो स्वतः जोडला होता. तो काढून टाकण्याचा निर्णय तर्काने पक्का होता. हात मात्र थांबत नव्हते.

जवळच्या रोहणा गावचा रत्नदीप संगणक विकत न्यायला मोटारसायकलवरून आला. तिथे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र तो सुरू करत होता. गुंडाळायला त्याने जुनी गोधडी आणली होती. त्याच वेळी एक गिऱ्हाईक आले. प्रभाकररावांनी संगणक काट्यावरून उचलून बाजूला ठेवला, खिळे तोलले, पुडी बांधून दिली आणि गिऱ्हाईक गेल्यावर विचारले, "रत्नदीप, आज वार कोनता?"

"शनिवार."

"शनिवारी घरात लोखंड नेत नसतेत. तू तं नवं काम सुरू करून राह्यला."

रत्नदीपचा गोधडीवरचा हात थबकला. "पन काकाजी, आत्ताच तं तुमी खिळे तोलले."

"ते दुकानातून जाते," प्रभाकरराव म्हणाले. "हे घरातून चाल्लं."

या दुकानातून तीस वर्षे शनिवारी लोखंड विकले जात होते आणि त्यामुळे कोणाचे घर बुडाल्याचे ऐकिवात नव्हते. हा युक्तिवाद सुरभीनेच शाळेत असताना मांडला होता; बाबांनी तो हसत मान्यही केला होता. आता ते हसत नव्हते.

रत्नदीपने बोटाच्या पेराने संगणकाच्या बाजूच्या पत्र्यावर टकटक केले. "हे लोखंड कुठी हाये? ॲल्युमिनियम वाटते मले. ताई, तुमी सांगा. तुमी सायन्सवाल्या."

सांडलेले खिळे गोळा करायचा चुंबक गल्ल्याजवळ पडला होता. सुरभीने तो उचलला. पेटी ॲल्युमिनियमचीच होती. हलकी म्हणून तिनेच ती निवडली होती. चुंबक त्या पत्र्याला लावला की तो घसरून पडणार होता आणि वाद प्रयोगानेच संपणार होता.

प्रभाकरराव रस्त्याकडे पाहू लागले. रस्त्यावर पाहण्यासारखे काही नव्हते.

तिने संगणक फिरवला. मागच्या बाजूला, वीजपुरवठ्याचा पोलादी डबा जिथे बसवलेला असतो, नेमका तिथे चुंबक टेकवला.

टक्.

"लोखंड," ती म्हणाली.

रत्नदीपने गोधडीची घडी घातली. "मंग उद्या येऊ, ताई?"

"उद्या मी नसन. बाबाले विचारजो."

रत्नदीप त्यांच्याकडे वळला. पण प्रभाकरराव संगणक छातीशी धरून आतल्या दारापर्यंत पोचले होते. चुंबक तसाच चिकटलेला होता.