कोंबडीखाऊचं घरटं

चंद्रावती गोऱ्या पाहुण्याला आपल्या नकाशावर स्वतः बोट ठेवून दाखवत होती. ही नदी, हा धबधबा, हा हरणांचा पाणवठा. आणि हा कडा. कड्यावर लाल ठिपका.

इंद्राणी मिस वर्गाच्या दारातच थबकली.

लाल ठिपका म्हणजे मांझे-द-पूलचं, कोंबडीखाऊचं घरटं. डोंगरातला लहानसा ससाणा. आख्ख्या जगात दुसरीकडे नाही, आणि या १९७८ साली मॉरिशसातही बोटांवर मोजण्याइतकाच उरलेला. गाव त्याला कोंबडीखाऊ म्हणून दगड मारायचं. खायचा बिचारा पाली. पण एकदा नाव बदनाम झालं की खरं कोण बघतो?

नकाशा काढायला इंद्राणीनेच लावलं होतं. पुस्तकात सगळं इंग्लंड: थेम्स, कोळशाच्या खाणी, मेंढ्या. शामारेल गावच्या पोरींनी ते घोकायचं, आणि दाराशी वाहणारी नदी कुठे जाते ते मात्र ठाऊक नसायचं. असल्या भूगोलाला आग लागो. "आपलं गाव काढा," तिने फर्मावलं, "डोंगर, झाडं, जनावरं, सगळं."

चंद्रावतीचा नकाशा घेऊन ती नदीकाठाने चालून आली होती. एक वळण चुकलेलं नव्हतं. कडा तेवढा तिला चढवला नाही. कौतुकाने तिने तो नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावला.

आणि आता साखर इस्टेटीच्या मॅनेजरचा हा पाहुणा, पक्ष्यांची अंडी जमवणारा, त्याची नक्कल उतरून घेऊन गेला.

"का दाखवलंस?"

"त्यांनी विचारलं, मिस."

"उद्या घर कुठून फोडू विचारतील. तेही दाखवशील?"

पोरीने दप्तर उचललं आणि निघाली.

संध्याकाळी इंद्राणी तिच्या घरी धडकली. चंद्रावतीचा बाप बलराम इस्टेटीच्या शिकारीच्या रानात राखणदार होता.

"बलरामभाऊ, पोरीला घरटं विकायला लावलंत?"

"महिनाभर मॅनेजरसाहेब मानेवर बसलाय, मिस. घरटं दाखव, नाहीतर कोयता घे आणि उसात जा. या कमरेने ऊस तोडू? एका कोंबडीखाऊसाठी?"

"कोंबड्या मुंगूस नेतो."

"ते माझ्या बायकोला समजवा. ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल होय?"

इंद्राणी पाय आपटत निघाली. मुंगसापेक्षा माणूस वाईट, ती पुटपुटली. मुंगूस निदान भुकेला असतो.

रविवारी दोर घेऊन माणसं कड्यावर चढली. इंद्राणी अडवायला धावली, पण पोचेतो पाहुणा अर्ध्यावर लोंबकळत होता. पायथ्याशी चंद्रावती भाजलेल्या शेंगा खात बसली होती. त्या शेंगा बघून इंद्राणीचं डोकं फिरलं.

"लाज नाही वाटत?"

"बसा, मिस."

तासाभराने पाहुणा खाली आला. गुडघे सोललेले, तोंड लालबुंद. मॅनेजरवर खेकसून तो चालू पडला.

"कपारीत नुसती माकडांची घाण," मागून येत बलराम म्हणाला. "अंडी माकडांनी खाल्ली म्हणतो. माझी नोकरी राहिली, मिस. मी जागा बरोबर दाखवली होती."

तोही गेला. इंद्राणी दगडावर बसली आणि तिला रडू फुटलं. आपणच नकाशा काढायला लावला, आणि शेवटी माकडंही आधी पोचली.

चंद्रावतीने मांडीवरची फोलपटं झटकली आणि उठली.

"चला मिस, नदीपल्याड. खरं घरटं तिकडे आहे. आजपासून पिल्लं बाहेर डोकावताहेत."